बॉस्टनच्या जुन्या चर्चवास्तू: कोणी बांधल्या आणि कोणी राखल्या

गवाक्ष (धागाकर्ता)

बॉस्टन शहरातील जुन्या चर्चवास्तूंविषयी मराठीत सलग लेखन फारसे आढळत नाही. जे आढळते ते बहुधा प्रवासवर्णनाच्या ओघात एखाद्या परिच्छेदापुरते असते. या वास्तूंची शैली, मनोरे आणि रंगीत काचांच्या खिडक्या यांवर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु या धाग्यात मुख्यतः दुसऱ्या एका प्रश्नाची चर्चा व्हावी अशी माझी इच्छा आहे. ज्या मंडळीने, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या समूहाने, चर्च बांधले ती कालांतराने दुसऱ्या भागात राहायला गेली, तिचा पंथ बदलला किंवा तिची संख्या रोडावली, तरीही काही वास्तू तीनशे वर्षे उभ्या राहिल्या आणि काही पन्नास वर्षांतच पाडल्या गेल्या. हा फरक कशामुळे पडला? माझे मत असे की चर्च उभे राहते ते मंडळीच्या श्रद्धेमुळे, पण मंडळीबाहेरच्या लोकांनाही ते आपले वाटू लागले तरच ते पुढची शतके पाहते. बॉस्टनचा इतिहास या मताला भरपूर पुरावा देतो.

आरंभ किंग्ज चॅपलपासून करतो. १६३० मध्ये बॉस्टन वसवणारे प्युरिटन लोक इंग्लंडच्या राजमान्य चर्चला कंटाळून आलेले होते. त्यांची सभागृहे साधी असत; त्यांत वेदी नसे, मूर्ती नसत, आणि नाताळ साजरा करण्यावरदेखील १६५९ पासून काही वर्षे कायद्याने बंदी होती. अशा गावात १६८६ मध्ये अँग्लिकन, म्हणजे त्याच राजमान्य चर्चची, मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिला चर्चसाठी जागा विकायला कोणी तयार होईना. अखेर गव्हर्नर अँड्रॉस याने गावच्या दफनभूमीचाच एक तुकडा घेऊन तेथे लाकडी चर्च उभारले. १७४९ मध्ये न्यूपोर्टच्या पीटर हॅरिसन याच्या आराखड्याप्रमाणे क्विन्सीच्या ग्रॅनाइटचे नवे चर्च बांधायला घेतले. ते जुन्या लाकडी चर्चभोवतीच बांधले गेले, म्हणजे बांधकाम चालू असताना आत उपासना खंडित झाली नाही. १७५४ मध्ये दगडी काम पुरे झाल्यावर आतले लाकडी चर्च सुटे करून त्याचे भाग नव्या खिडक्यांतून बाहेर काढले आणि नोव्हा स्कोशियातील ल्युनेनबर्ग येथील चर्चसाठी जहाजाने पाठवले. पैसे संपल्यामुळे मनोऱ्याचे शिखर मात्र कधीच झाले नाही, आणि म्हणूनच ही इमारत आजही वरून बुटकी, छाटल्यासारखी दिसते. दर्शनी बाजूचे खांब दगडी भासतात, परंतु ते लाकडाचे आहेत.

राजाच्या नावाचे हे चर्च अमेरिकन क्रांतीनंतर टिकणे कठीण होते, कारण राजनिष्ठ सभासद गाव सोडून निघून गेले होते. उरलेल्या मंडळीने जेम्स फ्रीमन याच्या नेतृत्वाखाली १७८५ मध्ये प्रार्थनाविधी बदलून एकेश्वरवादी म्हणजे युनिटेरियन मार्ग धरला. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाचा सांगाडा ठेवायचा आणि त्रैक्याचे, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव या कल्पनेचे, उल्लेख गाळायचे, अशी तडजोड त्यांनी केली. आजही तेथे तोच क्रम चालतो.

ओल्ड नॉर्थ चर्च बहुतेकांना ठाऊक असते. १७२३ मध्ये बांधलेले हे चर्च शहरातील आज उभ्या असलेल्या चर्चवास्तूंमध्ये सर्वांत जुने आहे. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री ब्रिटिश फौज नदी ओलांडून निघाल्याचा इशारा देण्यासाठी त्याच्या मनोऱ्यात दोन कंदील दाखवले गेले. या घटनेबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी अधिक लिहीत नाही. माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की त्याचे शिखर वादळाने दोनदा कोसळले, १८०४ मध्ये आणि पुन्हा १९५४ च्या कॅरल चक्रीवादळात, आणि दोन्ही वेळा ते पुन्हा चढवले गेले. दुसऱ्या वेळी तो मनोरा केवळ एका मंडळीचा राहिलेला नव्हता. शाळेतल्या प्रत्येक मुलाला त्याची गोष्ट पाठ होती. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे ओतलेल्या १७४४ च्या आठ घंटांचा तेथील संचही अद्याप वाजतो.

आता ज्या वास्तूसाठी हा धागा काढला, तिच्याकडे येतो. ओल्ड साउथ मीटिंग हाउस ही १७२९ ची विटांची इमारत प्युरिटन परंपरेतील आहे. शहरातील सर्वांत मोठे सभागृह तेच असल्यामुळे मोठ्या सार्वजनिक सभा तेथे भरत. १६ डिसेंबर १७७३ रोजी चहाच्या करावरून सुमारे ५,००० लोक तेथे जमले आणि त्याच रात्री बंदरात चहाच्या पेट्या फोडल्या गेल्या. ब्रिटिशांनी त्याचा सूड इमारतीवर उगवला. १७७५ मध्ये क्रांतिकारकांनी शहराला वेढा घातला असताना त्यांनी आतली बाके जळणासाठी वापरली, जमिनीवर माती पसरली आणि तेथे घोडदळाची रपेट सुरू केली. फिलिस व्हीटली या गुलामगिरीत वाढलेल्या कवयित्रीचा बाप्तिस्मा याच मंडळीत झाला होता, हेही येथे नोंदवायला हवे.

नोव्हेंबर १८७२ च्या महाआगीत शहराच्या मध्यभागातील ७७६ इमारती जळाल्या. ओल्ड साउथच्या दारापर्यंत आलेली आग न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथहून आलेल्या बंबाच्या मदतीने अडवली गेली. आगीतून वाचलेली ही वास्तू पुढे तिच्या मालकांच्या निर्णयामुळे जाऊ लागली. मंडळीतील कुटुंबे भराव घालून तयार झालेल्या बॅक बे भागात राहायला गेली होती आणि तेथे कोप्ली चौकाजवळ त्यांनी नवे, डौलदार चर्च बांधले होते. जुन्या जागेचा भाव व्यापारी पेठेमुळे प्रचंड वाढला होता. जून १८७६ मध्ये इमारत लिलावात केवळ १,३५० डॉलरला, म्हणजे तिच्या विटा आणि लाकडाच्या किमतीला, पाडण्यासाठी विकली गेली आणि पाडकामाला सुरुवातही झाली.

त्यानंतर जे घडले ते मला या शहराच्या इतिहासातील अत्यंत मोलाचे प्रकरण वाटते. एका कापड व्यापारी पेढीने काही दिवसांची मुदत विकत घेतली. गुलामगिरीविरोधी चळवळीतील वक्ता वेंडेल फिलिप्स याने त्याच इमारतीत भरलेल्या सभेत तिच्या रक्षणाची हाक दिली. आणि शहरातील वीस स्त्रियांनी एकत्र येऊन इमारत ३,५०० डॉलरला विकत घेतली. जमीन मिळाली नाही तर सबंध इमारत उचलून दुसरीकडे नेऊ, असे सांगण्यापर्यंत त्यांची तयारी होती. जमिनीची किंमत ४,००,००० डॉलर ठरली. त्यांपैकी १,००,००० डॉलर मेरी हेमेनवे या एकटीने दिले. ज्या स्त्रियांना त्या काळी विधिमंडळासाठी मतदानाचा हक्क नव्हता, त्यांनी शहराची सर्वांत मोठी राजकीय स्मृती पैसे मोजून सोडवली. उपासना करणारी मंडळी निघून गेल्यानंतर बाहेरच्या लोकांनी चर्चवर हक्क सांगून ते राखल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. १८७७ पासून ती वास्तू वस्तुसंग्रहालय आणि सभागृह म्हणून चालू आहे.

या यशामागे एका अपयशाची आठवण होती. बीकन हिलवरील, क्रांतीचा एक पुढारी जॉन हॅनकॉक याचे घर १८६३ मध्ये पाडले गेले होते आणि ते वाचवता आले नाही याची खंत शहराला होती. जाणकारांनी आपापली मते आणि माहिती या धाग्यात जरूर लिहावी.

खडीचुना

गवाक्ष, लेख आवडला. मी स्थापत्य अभियंता असल्यामुळे या प्रश्नाची जमिनीखालची बाजू लिहितो. मंडळीबाहेरचे लोक लागतात हे खरे, पण बॉस्टनमध्ये भूजलही लागते.

बॅक बे हा मूळचा भरती-ओहोटीचा चिखलाचा पट्टा. १८५८ च्या सुमारास तेथे नीडहॅमहून आगगाडीने खडी-वाळू आणून भराव घालायला सुरुवात झाली. अशा जमिनीवर दगडी चर्च थेट उभे करता येत नाही, म्हणून खालच्या कठीण थरापर्यंत लाकडी खुंट ठोकून त्यांवर पाया घेतला जाई. १८६१ मध्ये पूर्ण झालेले आर्लिंग्टन स्ट्रीट चर्च अशा ९९९ खुंटांवर उभे आहे. वास्तुकार एच. एच. रिचर्डसन याने १८७२ ते १८७७ या काळात बांधलेल्या ट्रिनिटी चर्चखाली सुमारे ४,५०० खुंट आहेत, आणि मधल्या अवजड मनोऱ्याचा भार ग्रॅनाइटच्या चार पिरॅमिडांमार्फत त्यांच्यावर सोडलेला आहे. रिचर्डसनने आधी याहून उंच मनोरा कल्पिला होता. जमिनीला तो पेलणार नाही हे लक्षात आल्यावर आजचा ठेंगणा, चौरस, स्पेनमधील सालामांकाच्या मनोऱ्याची आठवण करून देणारा घाट आला. स्थापत्याच्या इतिहासात ज्याचे एवढे कौतुक होते, त्या रूपाचे एक कारण पायाखालचा चिखल आहे.

लाकूड पाण्याखाली कायम बुडालेले राहिले तर शतकेच्या शतके टिकते, कारण ते कुजवणाऱ्या बुरशीला प्राणवायू मिळत नाही. पाण्याची पातळी खाली गेली आणि खुंटांची टोके उघडी पडली की कुजणे सुरू होते. गळकी गटारे, भुयारी रेल्वेचे बोगदे आणि तळघरांतून उपसले जाणारे पाणी यांमुळे ही पातळी खाली जाते. त्यासाठी शहरात १९८६ पासून बॉस्टन ग्राउंडवॉटर ट्रस्ट ही संस्था निरीक्षण विहिरींच्या जाळ्यातून पातळी मोजत असते, आणि भराव असलेल्या भागांत नव्या बांधकामांना पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची अट घातली जाते. चर्च जपायचे तर शेजारच्या गल्लीतले गटार दुरुस्त करावे लागते.

याच जमिनीमुळे ट्रिनिटीला मोठा धोका निर्माण झाला. शेजारच्या ६० मजली जॉन हॅनकॉक टॉवरसाठी खोल खोदकाम झाले तेव्हा आधाराच्या भिंती आत झुकल्या, भोवतालची माती सरकली आणि चर्चचा पाया खचून दगडी कामाला तडे गेले. चर्चने दावा लावला. १९८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या बाजूचा निकाल कायम केला. त्यातला विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. सामान्य इमारतीचे नुकसान बाजारभावातल्या घटीवरून मोजले जाते. पण अशा चर्चला बाजारच नसतो, त्यामुळे नुकसानभरपाई ही वास्तू पूर्वस्थितीत आणण्याच्या वाजवी खर्चावरून ठरवावी, असे न्यायालयाने मान्य केले. पुढे २००० नंतरच्या दुरुस्तीत चर्चच्या खालीच जागा खोदून सभागृह काढले आणि भूगर्भातील तापमानाचा वापर करणारी यंत्रणा बसवली. खुंटांना धक्का न लावता हे काम करणे सोपे नव्हते.

जाता जाता, ओल्ड साउथच्या मंडळीने कोप्ली चौकात बांधलेल्या नव्या चर्चचा मनोराही याच जमिनीवर कलू लागला होता. तो १९३१ मध्ये उतरवावा लागला आणि नंतर पुन्हा बांधला गेला.

उंबरठा

आपल्या दोघांचेही लेखन वाचले. मला गवाक्ष यांच्या मूळ मताला थोडा विरोध नोंदवायचा आहे. बाहेरच्या लोकांचा हक्क हा नेहमीच हितकारक असतो का? ज्यांनी आयुष्यभर तेथे प्रार्थना केली, त्यांच्या हक्काचे काय?

साउथ एंडमधील इमॅक्युलेट कन्सेप्शन हे जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे चर्च १८६१ मधले होते. त्याच्या अंतर्भागाची ख्याती मोठी होती. १९८० च्या दशकात संघाने आतली रचना बदलून बरीचशी जागा कार्यालयांसाठी आणि निवासासाठी वापरायचे ठरवले, वेदी हलवायला घेतली, तेव्हा वारसाप्रेमी नागरिकांनी विरोध केला आणि शहराच्या वारसावास्तू आयोगाने अंतर्भागालाही संरक्षण जाहीर केले. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९० मध्ये न्यायालयाने सांगितले की वेदी कोठे असावी हे शासनाने ठरवणे राज्यघटनेतील धर्मस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे. परिणामी शहराला चर्चच्या बाह्यरूपापुरतेच बोलता येते. ते चर्च पुढे बंद झाले आणि आता तेथे सदनिका आहेत. मला स्वतःला तो अंतर्भाग गेल्याचे दुःख आहे, तरीही न्यायालयाचा निर्णय योग्यच होता असे वाटते. प्रार्थनेची जागा कशी मांडायची हे नगरपालिकेने सांगू लागणे कोणत्याही धर्माला मानवणारे नाही.

दुसरा मुद्दा २००४ चा. धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांचे प्रकरण २००२ मध्ये उघडकीस आल्यानंतर बॉस्टनच्या कॅथलिक महाधर्मप्रांताने दोन वर्षांत साठाहून अधिक धर्मग्राम, म्हणजे स्थानिक चर्चच्या मंडळ्या, बंद करण्याचे जाहीर केले. घटलेली उपस्थिती, धर्मगुरूंची कमतरता आणि पैशाची चणचण अशी कारणे देण्यात आली. अनेक ठिकाणी भाविकांनी चर्च सोडायला नकार देऊन आळीपाळीने आतच मुक्काम ठोकला. शहराच्या दक्षिणेला असलेल्या सिच्युएट गावी सेंट फ्रान्सेस झेवियर कॅब्रिनी चर्चमध्ये हा मुक्काम २००४ पासून २०१६ पर्यंत चालला. त्या इमारतीला स्थापत्याच्या इतिहासात काही स्थान नाही आणि कोणा नामवंताचे भाषण तेथे झालेले नाही. ती राखायला उभे राहिले ते मंडळीतलेच लोक, आणि त्यांचे काही चालले नाही. आपल्या धाग्यात केवळ प्रसिद्ध वास्तूच आल्या तर ही बाजू सुटेल.

गवाक्ष

उंबरठा, आपला आक्षेप मला पटतो आणि माझे मत त्यामुळे अधिक नेमके करावे लागते. बाहेरच्या लोकांचा आधार मिळतो तो इमारतीला. मंडळीला तो मिळेलच असे नाही. साउथ एंडमधीलच जर्मन कॅथलिकांचे होली ट्रिनिटी चर्च पाहा. पॅट्रिक कीली याच्या आराखड्याचे, १८७७ मधले ते चर्च २००८ मध्ये बंद झाले आणि विकले गेले. आता त्याच्या दगडी भिंतींच्या आतून काच आणि पोलादाची सदनिकांची नवी इमारत वर निघाली आहे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला चर्च राखल्याचे समाधान मिळते. ज्यांची लग्ने तेथे लागली आणि ज्यांच्या आईवडिलांची अंत्यविधीची प्रार्थना तेथे झाली, त्यांच्यासाठी काहीच उरलेले नाही. तरीही पूर्ण पाडून टाकण्यापेक्षा मी हे बरे मानतो. दर्शनी भिंतीमुळे निदान रस्त्याची ओळख राहते आणि पुढच्या पिढीला येथे काय होते हे विचारायला एक कारण मिळते.

पण सर्वांत चांगला मार्ग मला तिसराच वाटतो, तो म्हणजे एका मंडळीकडून दुसऱ्या मंडळीकडे वास्तू जाणे. नॉर्थ एंडमधील सेंट स्टीफन चर्च १८०४ मध्ये वास्तुकार चार्ल्स बुलफिंच याने प्रोटेस्टंट मंडळीसाठी बांधले. आयर्लंडमधील दुष्काळानंतर तो भाग आयरिश स्थलांतरितांनी भरला आणि १८६२ मध्ये ते कॅथलिकांनी विकत घेतले. १८७० मध्ये रस्ता रुंद करताना सबंध चर्च मागे सरकवले गेले. आता बुलफिंचने शहरात बांधलेल्या चर्चांपैकी ते एकच उरले आहे. वेस्ट एंडमधील ओल्ड वेस्ट चर्च तर १८९० च्या दशकात मंडळी विसर्जित झाल्यावर सार्वजनिक ग्रंथालय झाले आणि काही दशके तसेच राहिले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नगरसुधारणेच्या नावाखाली भोवतालची सबंध वस्ती जमीनदोस्त झाली, हजारो कुटुंबे हलवली गेली, पण ते चर्च वाचले आणि १९६० च्या दशकात तेथे पुन्हा उपासना सुरू झाली, ती मेथडिस्ट मंडळीची.

पारंबी

या धाग्यात आफ्रिकन मीटिंग हाउसचा उल्लेख आला नाही तर चर्चा अपुरी राहील, म्हणून लिहीत आहे. बीकन हिलच्या उत्तर उतारावर एका अरुंद गल्लीत असलेली ही १८०६ ची साधी विटांची इमारत अमेरिकेत आज उभ्या असलेल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चवास्तूंमध्ये सर्वांत जुनी आहे. बॉस्टनच्या गोऱ्या मंडळींच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना वरच्या सज्जात बसावे लागे आणि कारभारात मत नसे. थॉमस पॉल या पाळकाच्या नेतृत्वाखाली त्यांनी १८०५ मध्ये स्वतःची बाप्टिस्ट मंडळी स्थापली. आफ्रिकेत जन्मलेल्या केटो गार्डनर याने इमारतीसाठी १,५०० डॉलर जमवले. दारावरच्या लेखात त्याचे नाव आजही आहे. बांधकामातले बरेचसे कष्ट कृष्णवर्णीय कारागिरांचेच होते. तरीही अर्पणविधीच्या दिवशी खालच्या मजल्यावरील बाके गोऱ्या देणगीदारांसाठी राखून ठेवली होती.

६ जानेवारी १८३२ रोजी याच इमारतीत विल्यम लॉइड गॅरिसन याने न्यू इंग्लंड गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन केली. तळघरात मुलांची शाळा भरत असे. यादवी युद्धाच्या वेळी कृष्णवर्णीय सैनिकांच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटसाठी भरती येथे झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कृष्णवर्णीय कुटुंबे साउथ एंडकडे गेली, मंडळीही गेली, आणि पुढे ही वास्तू ज्यू स्थलांतरितांचे सिनेगॉग झाली. १९७२ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाने ती घेतली. दीर्घ जीर्णोद्धारानंतर डिसेंबर २०११ मध्ये ती १८५५ च्या रूपात पुन्हा खुली झाली.

ओल्ड साउथ वाचवण्यासाठी १८७६ मध्ये शहरातले धनिक धावून आले. आफ्रिकन मीटिंग हाउस वाचले ते प्रथम ज्यू मंडळीने ते वापरात ठेवले म्हणून, आणि तिचे ऐतिहासिक मोल सार्वजनिकरीत्या मान्य व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. कोणत्या वास्तूला बाहेरचे पाठीराखे मिळतात हे शहरात कोणाचा आवाज ऐकला जातो यावर ठरते. गवाक्ष यांच्या मताला ही जोड द्यावीशी वाटते.

सीनाकाठ

मी मूळचा नगरचा आणि आमचे घराणे चार पिढ्यांपासून मराठी ख्रिस्ती मंडळीत आहे. बॉस्टन हे नाव आमच्या घरात परके नव्हते, याचे कारण येथे लिहितो.

१८१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मिशनरी बोर्डाचे कार्यालय बॉस्टनमध्ये होते. या बोर्डाच्या पहिल्या मिशनऱ्यांना ६ फेब्रुवारी १८१२ रोजी बॉस्टनजवळच्या सेलम येथील टॅबरनॅकल चर्चमध्ये दीक्षा मिळाली. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईस पोचले, आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. हॉल यांचा १८२६ मध्ये नाशिक भागातून परतताना पटकीने मृत्यू झाला. १८३१ मध्ये नगरचे ठाणे सुरू झाले. १८४२ पासून निघालेले ‘ज्ञानोदय’ नियतकालिक याच मिशनचे, आणि सिंथिया फरार या ज्या बाईंच्या नगर येथील मुलींच्या शाळेचा आदर्श जोतीराव फुले यांच्यासमोर होता, त्याही याच बोर्डाने पाठवलेल्या. न्यू इंग्लंडच्या गावोगावच्या चर्चमध्ये रविवारी जमलेल्या अर्पणातून या कामाचा खर्च चाले. त्या इमारतींचा आमच्याशी असलेला संबंध एवढा थेट आहे.

दुसरा धागा पंडिता रमाबाईंचा आहे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे व्याख्याने देत फिरल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाले. उच्चवर्णीय विधवांसाठी काढायच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे त्याने ठरवले. त्याचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पाळक होते, आणि उपाध्यक्षांमध्ये ट्रिनिटी चर्चचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, फिलिप्स ब्रूक्स होते; म्हणजे ज्यांच्या कारकिर्दीत रिचर्डसनचे ते चर्च उभे राहिले तेच. ब्रूक्स स्वतः १८८२-८३ च्या हिवाळ्यात भारतात येऊन गेले होते. त्रैक्य मानणारे आणि न मानणारे पाळक एका मराठी विदुषीच्या कामासाठी एका संस्थेत बसले, हे त्या काळच्या बॉस्टनमध्येच घडू शकले असते असे मला वाटते. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. त्यामुळे ट्रिनिटी चर्च पाहायला जाणाऱ्या मराठी माणसाने तेथील जॉन ला फार्ज यांची भित्तिचित्रे पाहावीतच, पण ब्रूक्स यांचे हे काम आधी लक्षात ठेवून जावे.

आणि एक विनंती. नगर, मुंबई, सोलापूर, सातारा येथे या मिशनच्या काळात बांधलेल्या चर्चवास्तू आहेत. त्यांच्या बाबतीतही गवाक्ष यांचा प्रश्न तसाच उभा आहे. आमची मंडळी लहान आहे, दगडी भिंती आणि सागवानी छप्पर राखण्याचा खर्च मोठा आहे. गावातील इतरांना या वास्तू आपल्या वाटाव्यात यासाठी आम्ही काय करावे, यावर येथील जाणकारांनी लिहिले तर उपकार होतील.

खडीचुना

सीनाकाठ, माझ्या क्षेत्रापुरते सांगतो. पहिले काम छपराचे आणि पन्हळींचे. दगडी चर्चचे बहुतेक नुकसान वरून झिरपणाऱ्या पाण्याने होते. भिंतींचे सांधे मूळ चुन्याचे असतील तर त्यांत सिमेंट भरू देऊ नका, कारण सिमेंट ओल अडवून धरते आणि मग दगडच पापुद्रे सोडू लागतो. सागवानी कैच्यांची टोके जेथे भिंतीत शिरतात ती जागा दरवर्षी पावसाळ्यानंतर तपासावी. दुसरे काम कागदपत्रांचे. इमारतीची मोजमापे, जुनी छायाचित्रे आणि मंडळीच्या नोंदवह्या यांची प्रत काढून ठेवावी. आफ्रिकन मीटिंग हाउस १८५५ च्या रूपात परत आणता आले, ते अशाच नोंदींच्या आधारे. लोकांना चर्च आपले वाटण्याबाबत माझा अनुभव असा की सभागृह किंवा आवार गावच्या शाळांना, व्याख्यानांना, संगीताला अधूनमधून दिले की दुरुस्तीच्या वेळी मदत करणारे हात आपोआप वाढतात. ओल्ड साउथमधील वीस स्त्रियांनीही इमारत घेतल्यानंतर व्याख्यानमाला सुरू करूनच लोकांना पुन्हा आत आणले होते.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही उन्हाळ्यात मुलीकडे बॉस्टनला जाणार आहोत. आमच्या वयाला जमेल अशा रीतीने यांतील कोणत्या वास्तू पाहाव्यात?

गवाक्ष

पाऊलवाट, दोन दिवस ठेवावेत. पहिल्या दिवशी फ्रीडम ट्रेल नावाचा, रस्त्यावर विटांच्या लाल पट्टीने दाखवलेला सुमारे अडीच मैलांचा मार्ग आहे. त्यावर पार्क स्ट्रीट चर्च, किंग्ज चॅपल, ओल्ड साउथ मीटिंग हाउस आणि ओल्ड नॉर्थ अशा चार वास्तू येतात. पहिल्या तीन अगदी जवळजवळ आहेत, शेवटचीसाठी नॉर्थ एंडपर्यंत चालावे लागते. सेंट स्टीफन तेथून जवळच आहे. पार्क स्ट्रीट चर्च १८०९ चे असून त्याचे शिखर २१७ फूट उंच आहे. गॅरिसन याने ४ जुलै १८२९ रोजी गुलामगिरीविरुद्ध आपले पहिले मोठे भाषण तेथे केले होते. दुसऱ्या दिवशी कोप्ली चौकात ट्रिनिटी आणि नवे ओल्ड साउथ समोरासमोर पाहता येतील, आणि तेथून आर्लिंग्टन स्ट्रीट चर्चपर्यंतचा रस्ता सपाट आहे. त्याच्या टिफनी काचांच्या सोळा खिडक्या चुकवू नयेत. आफ्रिकन मीटिंग हाउसकडे जाणारी वाट चढाची आहे. शक्यतो वाहनाने जवळ उतरावे. किंग्ज चॅपल, ओल्ड नॉर्थ आणि कोप्ली चौकातील चर्चमध्ये रविवारी सकाळी उपासना चालू असते, त्या वेळी प्रेक्षक म्हणून फिरता येत नाही. उपासनेला बसायचे असेल तर मात्र कोणालाही मोकळेपणाने घेतात, आणि आर्लिंग्टन स्ट्रीटच्या मंडळीविषयीही हेच म्हणता येईल.